दक्षिण आफ्रिकेत राहताना नाटक आणि मैदान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीनिमित्त जोहान्सबर्ग, प्रिटोरिया, डर्बन किंवा केपटाउनला आलेल्या मराठी कुटुंबांचे पहिले काही महिने घर, गाडी, शाळा आणि बँकेच्या कागदपत्रांत जातात. मग कधीतरी शनिवार-रविवार मोकळे मिळायला लागतात आणि तेच ते प्रश्न येऊ लागतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. मी जोहान्सबर्गचा रहिवासी, त्यामुळे त्या शहराबद्दल जास्त लिहिलं गेलं आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. विजेच्या तारांच्या कुंपणाआडची वसाहत, ऑफिस आणि मॉल एवढ्यातच राहिलात तर या देशात दहा वर्षं काढूनही तो परकाच राहील. नाटकाला जा, मॅचला जा. इथे सगळ्या रंगांची माणसं एकत्र बसून हसतात-ओरडतात, आणि असं एकत्र बसता यावं म्हणून इथल्या लोकांनी फार किंमत मोजली आहे.

इथे बघण्यासारखी नाटकं होतात का?

होतात, आणि जगात नाव असलेली होतात. अॅथॉल फुगार्ड, जॉन कानी आणि विन्स्टन न्त्शोना या तिघांनी मिळून उभं केलेलं ‘सिझवे बान्झी इज डेड’ 1972 मध्ये केपटाउनला पहिल्यांदा झालं. काळ्या माणसाला जवळ बाळगावं लागणारं पासबुक (बँकेचं नव्हे, शहरात राहण्याच्या परवान्याचं), त्यावरचा एक शिक्का नसला की शहरातून हकालपट्टी, आणि म्हणून एका मेलेल्या माणसाचं पासबुक घेऊन त्याच्या नावाने जगायला लागलेला मजूर, अशी त्याची गोष्ट. कानी आणि न्त्शोना यांना 1975 मध्ये न्यूयॉर्कचा टोनी पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी ट्रान्सकाय या काळ्यांसाठी वेगळ्या काढलेल्या प्रदेशात प्रयोग केल्यावर त्याच दोघांना अटक झाली.

मुलांना जॉन कानी ओळखीचे वाटतील. ‘ब्लॅक पँथर’ चित्रपटातला वाकांडाचा वडीलधारा राजा त्यांनीच केला आहे.

सुरुवात कुठून करावी?

जोहान्सबर्गमध्ये असाल तर न्यूटाउनच्या मार्केट थिएटरपासून. 1913 साली बांधलेल्या जुन्या फळबाजाराच्या इमारतीत हे थिएटर आहे. त्या बाजाराला ‘इंडियन फ्रूट मार्केट’ म्हणत. बार्नी सायमन आणि मॅनी मॅनिम यांनी 1976 मध्ये ते सुरू केलं. 16 जून 1976 ला सोवेटोत, म्हणजे जोहान्सबर्गलगतच्या काळ्यांच्या वस्तीत, शाळकरी मुलांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि त्यानंतर काही दिवसांतच इथे पहिलं नाटक उभं राहिलं, चेकॉव्हचं. काळ्या-गोऱ्या प्रेक्षकांनी एका प्रेक्षागृहात शेजारी बसण्याला तेव्हा कायद्याची आडकाठी होती. मार्केटने पहिल्यापासून सगळ्यांना आत घेतलं आणि रंगमंचावरही सगळ्यांना एकत्र उभं केलं.

इथल्या नाटकांची घडण समजून घ्यायची असेल तर 1981 चं ‘वोझा अल्बर्ट’ माहीत असावं. पर्सी म्त्वा आणि म्बोंगेनी न्गेमा हे दोनच नट, दिग्दर्शक बार्नी सायमन. वर्णभेदाच्या दक्षिण आफ्रिकेत येशू ख्रिस्त परत अवतरला तर काय होईल, एवढाच प्रश्न. नेपथ्य जवळजवळ नाहीच. दोघांच्या गळ्यात इलॅस्टिकला बांधलेला अर्धा कापलेला, गुलाबी रंगवलेला छोटा चेंडू. तो नाकावर चढवला की गोरा पोलीस किंवा गोरा मालक तयार. खाली ओढला की पुन्हा काळा मजूर. पैसा नाही, साधनं नाहीत, प्रयोग कधीही बंद पाडला जाईल अशी धास्ती, यातून ही पद्धत घडली. दादरच्या छबिलदास शाळेतल्या प्रायोगिक नाटकांबद्दल ज्यांनी वाचलं-ऐकलं आहे, त्यांना इथे पाऊल टाकताच घरच्यासारखं वाटेल. न्गेमा यांचंच ‘साराफिना’ 1987 मध्ये मार्केटला उघडलं आणि पुढच्या वर्षी ब्रॉडवेवर पोचलं.

आज तिथे तीन रंगमंच आहेत आणि त्यांना जॉन कानी, बार्नी सायमन आणि मॅनी मॅनिम यांचीच नावं दिली आहेत. नवख्यांनी शक्यतो लहान रंगमंचावरचं नाटक निवडावं. नटाच्या कपाळावरचा घाम दिसेल इतक्या जवळ बसायला मिळतं, आणि या नाटकांची खरी ताकद तिथेच कळते.

भाषा कळेल का? झुलू तर एक अक्षर येत नाही.

बहुतेक नाटकांचा सांगाडा इंग्रजीचा असतो. पण जोहान्सबर्गची माणसं एकाच वाक्यात इंग्रजी, झुलू आणि सेसोथो बोलतात, तशीच ती रंगमंचावरही बोलतात. देशाला 12 राजभाषा आहेत. बारावी, सांकेतिक भाषा, 2023 मध्ये जोडली गेली. तेव्हा सगळं सगळ्यांनाच कळतं असं नाही. तुमच्या शेजारी बसलेल्या व्हेंडा किंवा त्सोंगा माणसाचेही काही विनोद हुकतात, आणि तो ते निवांतपणे हुकू देतो.

जाण्याआधी कथासार वाचून जा. अगदीच धीर होत नसेल तर नृत्यापासून सुरुवात करा. सोन्याच्या खाणींत बोलायला बंदी होती तेव्हा मजूर रबरी बुटांवर थापा मारून एकमेकांना खुणा करत, त्यातून गमबूट नाच आला. तो पाहायला भाषा लागत नाही. सोवेटोत वाढलेल्या डाडा मसिलोने ‘स्वान लेक’ हा युरोपी बॅले आफ्रिकी पायांनी, अनवाणी नाचून दाखवला. 2024 च्या अखेरीस ती अकाली गेली, पण तिच्या नाचाच्या चित्रफिती जरूर पाहा. ग्रेगरी माकोमाची वुयानी डान्स थिएटर ही संस्थाही सोवेटोच्याच मातीतून आलेली आहे. तिचा कार्यक्रम लागला की सोडू नका.

प्रेक्षागृहात वागण्या-बोलण्याची काही वेगळी रीत आहे का?

आहे, आणि ती फार लोभस आहे. आपल्याकडे नाट्यगृहात हशा आणि टाळ्या सोडल्या तर शांतता अपेक्षित असते. इथे, विशेषतः मार्केटला किंवा जाबुलानीतल्या सोवेटो थिएटरला, प्रेक्षक नटाशी बोलतात. खलपात्र खोटं बोलायला लागलं की मागच्या रांगेतून एखादी मावशी ‘हाय्य, नाही हं!’ अशा सुरात त्याला दटावते. गाणं सुरू झालं की लोक आपणहून दुसरा आवाज लावतात, बायका जीभ हलवून तो उंच, थरथरता हर्षनाद करतात. नटांना यात व्यत्यय वाटत नाही. ते थांबतात, दाद घेतात आणि पुढे जातात. तुम्हीही मोकळे व्हा. मात्र फोनचा पडदा उजळलेला कुणालाच चालत नाही.

आणखी एक. इथली बरीच नाटकं सत्तर-नव्वद मिनिटांची, सलग असतात. मध्यंतर नसतं, त्यामुळे मध्यंतरातला बटाटेवडा आणि चहाही नसतो. आधी खाऊन जा. उशिरा पोचलात तर बहुधा आत सोडत नाहीत.

प्रयोग संपल्यावर लगेच पळू नका. नट मंडळी बरेचदा बाहेरच्या दालनात येतात. नाटक आवडलं असेल तर जाऊन तसं सांगा. परदेशातून आलेला माणूस तिकीट काढून आला याचं त्यांना अप्रूप वाटतं आणि गप्पा रंगतात.

रात्री न्यूटाउनला जाणं सुरक्षित आहे का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो, म्हणून सविस्तर सांगतो. जोहान्सबर्गच्या मध्यवर्ती भागात रात्री रमतगमत पायी फिरू नये, हे खरं. पण नाटकाला जाणं म्हणजे पायी फिरणं नव्हे. थिएटरचं राखण असलेलं पार्किंग वापरा किंवा उबर-बोल्टने थेट दारात उतरा. परतताना गाडी दारात आल्याशिवाय फुटपाथवर येऊ नका. सिग्नलला काच बंद, फोन आणि पर्स सीटखाली. हे तर इथे रोजचंच आहे.

एवढं करूनही मन कच खात असेल तर रविवारी दुपारच्या प्रयोगाला जा. उन्हं असताना घरी पोचता. ब्रामफॉन्टेनचं जोबर्ग थिएटर मोठं आहे, आवारातच पार्किंग आहे, आणि तिथे संगीतिका, बॅले, मुलांचे कार्यक्रम असं सगळं असतं. सासू-सासऱ्यांना घेऊन जायला सोयीचं.

भीतीपोटी सगळंच टाळणारी कुटुंबं मला माहीत आहेत. त्यांची काळजी मी समजू शकतो. तरीही सांगतो, ती एका मोठ्या आनंदाला मुकतात.

तिकिटं कुठे मिळतात?

नाटकांची बहुतेक तिकिटं वेबतिकिट्सवर किंवा थिएटरच्या स्वतःच्या संकेतस्थळावर. सामन्यांची तिकिटं कुठे आहेत ते त्या त्या संघाच्या पानावर लिहिलेलं असतं. समाजमाध्यमांवर ‘एक तिकीट जादा आहे’ म्हणणाऱ्या अनोळखी माणसाकडून काहीही घेऊ नका.

आम्ही जोहान्सबर्गला नाही. केपटाउन आणि डर्बनला काय आहे?

केपटाउनला रोंडेबॉशमधलं बॅक्स्टर थिएटर, केपटाउन विद्यापीठाचं, 1977 पासून सुरू आहे. तेही त्या काळात सगळ्यांसाठी खुलं राहिलं. वायनबर्गच्या मेनार्डव्हिल बागेत उन्हाळ्यात उघड्यावर शेक्सपिअर होतो, ही प्रथा 1956 पासूनची. चटई, शाल आणि डबा घेऊन लोक नाटकाआधी हिरवळीवर जेवतात. शाल विसरू नका, उन्हाळ्यातही रात्री गार वारा सुटतो. याच केपटाउनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून येऊन स्थिरावलेली कोकणी मुसलमान घराणी आहेत, रत्नागिरी-रायगडकडची. जुन्या पिढीतलं कुणी भेटलं तर कोकणी ऐकायलाही मिळू शकते.

डर्बनला प्लेहाउस हे नाट्यगृह आहे.

आणि तुम्ही कुठेही राहात असलात तरी एकदा माखांडाला जा. पूर्वीचं ग्रॅहम्सटाउन, 2018 मध्ये नाव बदललं. 1974 पासून तिथे राष्ट्रीय कला महोत्सव भरतो, जूनच्या अखेरीपासून जुलैपर्यंत. गाव लहान, पण त्या दिवसांत शाळेची सभागृहं, चर्चचे हॉल, जिमखाने, सगळीकडे नाटकं. सकाळी एक, दुपारी दोन, रात्री एक अशी नाटकं बघत लोक गल्लीबोळांतून धावत असतात. राहायची सोय फार आधी करावी लागते आणि थंडी कडाक्याची असते. गणपतीच्या दिवसांत रात्र रात्र जागून नाटकं पाहिलेल्या माणसाला तिथे वेगळं काही सांगावं लागणार नाही.

रग्बीतलं काहीच कळत नाही. तरी जावं का?

जावंच. नियम पाच मिनिटांत पुरेसे कळतात. पंधरा-पंधरा खेळाडू, चाळीस-चाळीस मिनिटांचे दोन डाव. चेंडू हाताने पुढे टाकता येत नाही, फक्त मागे किंवा बाजूला. पुढे न्यायचा तर घेऊन पळा किंवा लाथेने उडवा. रेषेपलीकडे जमिनीला टेकवला की ‘ट्राय’, 5 गुण. त्यानंतरची किक खांबांमधून गेली की आणखी 2. पेनल्टीचे 3, चालू खेळात मारलेल्या ड्रॉप गोलचेही 3. कबड्डी खेळलेल्या माणसाला यातली पकड बघायला फार मजा येते. घोटा धरायचा की कंबर, दुसरा गडी कुठून येणार, धरलेल्याने अंग कसं वळवायचं, हे आपल्याला आपोआप दिसतं.

सामन्याआधीचं राष्ट्रगीत मात्र पाठ करून जा. एकच गीत पाच भाषांत गायलं जातं: खोसा, झुलू, सेसोथो, आफ्रिकान्स आणि इंग्रजी. वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्यांचं गाणं आणि जुन्या सरकारचं राष्ट्रगीत यांतले भाग त्यात जोडले आहेत. आफ्रिकान्स कडवं काळी माणसं गातात, खोसा कडवं गोरे शेतकरी गातात. हजारो माणसांच्या मध्ये उभं राहून ते ऐकलं की या देशाबद्दल पुस्तकात वाचलेलं एकदम अंगावर येतं.

जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर 24 जून 1995 ला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. दक्षिण आफ्रिकेने जादा वेळेत न्यूझीलंडला 15-12 असं हरवलं, शेवटचे तीन गुण योएल स्ट्रान्स्कीच्या ड्रॉप गोलचे. राष्ट्राध्यक्ष नेल्सन मंडेला कर्णधार फ्रान्स्वा पिएनारच्या 6 क्रमांकाची हिरवी जर्सी घालून मैदानात आले. तोवर काळ्या लोकांच्या लेखी ती जर्सी जुलमाची खूण होती. पुढे 2007, 2019 आणि 2023 असे आणखी तीन विश्वचषक आले. शेवटच्या दोन वेळा कर्णधार होता सिया कोलिसी, झ्वीडे या गरीब वस्तीत वाढलेला, संघाचा पहिला काळा कर्णधार. 2023 ची अंतिम लढत 12-11 अशी एका गुणाने जिंकली.

पहिल्या अनुभवासाठी कसोटी, म्हणजे दोन देशांमधला सामनाच हवा असं नाही. स्थानिक संघ आहेत: लायन्स एलिस पार्कला, बुल्स प्रिटोरियाच्या लॉफ्टस व्हर्सफेल्डला, स्टॉर्मर्स केपटाउनला, शार्क्स डर्बनला खेळतात. लॉफ्टसला गौट्रेन या जलद रेल्वेने हॅटफील्डला उतरून गर्दीबरोबर चालत जाता येतं. वाटेत आणि पार्किंगमध्ये लोक शेगड्या पेटवून बसलेले असतात. ‘पहिल्यांदाच आलोय’ एवढं म्हटलं की कुणीतरी खुर्ची पुढे करतं आणि सामनाभर शेजारी बसून नियम समजावतं.

सोवेटो डर्बीला बायको-मुलांना घेऊन जाता येईल का?

येईल. मात्र पहिल्यांदा जाताना आधी जाऊन आलेल्या एखाद्या स्थानिक सहकाऱ्याबरोबर जा.

ऑरलँडो पायरेट्स (1937) आणि कैझर चीफ्स (1970) हे दोन्ही फुटबॉल क्लब सोवेटोचे, आणि त्यांच्यातला सामना म्हणजे सोवेटो डर्बी. चीफ्स काळा-सोनेरी, पायरेट्स काळा-पांढरा. एकाच घरात नवरा चीफ्सचा आणि बायको पायरेट्सची असं सर्रास असतं, आणि दोघं आपापल्या जर्सीत एकाच टॅक्सीने येतात. दोन्ही बाजूंचे पाठीराखे मिसळून बसतात, हे या डर्बीचं मला सगळ्यांत आवडणारं वैशिष्ट्य. सामना बहुधा एफएनबी स्टेडियमवर, म्हणजे 2010 च्या फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना झाला त्या मैदानावर. सुमारे 94 हजार माणसं मावतात.

डोक्यावरच्या रंगीत टोपाकडे नीट बघा. त्याला मकारापा म्हणतात. खाणकामगाराचं साधं हेल्मेट घेऊन त्याचे तुकडे कापून वर उभे वाकवतात. त्यातून शिंगं, ढाली, खेळाडूंचे चेहरे, क्लबचं चिन्ह घडवतात आणि हाताने रंगवतात. चांगला मकारापा वर्षानुवर्षं जपला जातो.

लहान मुलांसाठी कानात घालायचे बोळे न्या, वुवुझेला या प्लॅस्टिकच्या भोंग्याचा आवाज थट्टेचा नाही. तिकीट आधीच घ्या; तिकिटाशिवाय मैदानापाशी जाऊच नका. 11 एप्रिल 2001 ला एलिस पार्कवर याच डर्बीला गर्दी मावेनाशी झाली आणि चेंगराचेंगरीत 43 माणसं गेली. सामन्याच्या दोन तास आधी आत जाऊन बसा. खेळ सुरू होण्याआधीची गाणी आणि नाच हा अर्धा कार्यक्रम असतो.

क्रिकेट कुठे बघावं?

मराठी माणसाला हे सांगायची गरज नाही, तरी विचारतातच. जोहान्सबर्गचं वाँडरर्स हे आपल्यासाठी ओळखीच्या आठवणींचं मैदान आहे. सचिनने नोव्हेंबर 1992 मध्ये तिथे 111 केले. 2003 च्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने 359 ठोकून आपल्याला रडवलं. डिसेंबर 2006 मध्ये दक्षिण आफ्रिकेतला भारताचा पहिला कसोटी विजय तिथलाच. 24 सप्टेंबर 2007 ला पाकिस्तानला 5 धावांनी हरवून पहिला टी-ट्वेंटी विश्वचषक तिथेच जिंकला. आणि जानेवारी 2018 मध्ये चेंडू अंगावर येत असलेल्या भयंकर खेळपट्टीवर अजिंक्य रहाणेने काढलेल्या 48 धावा कित्येक शतकांहून मोलाच्या होत्या.

तरी बसायला मला प्रिटोरियाजवळचं सेंच्युरियन आवडतं. हिरवळीचा उतार, चटई टाकून कुटुंबच्या कुटुंबं पसरलेली, मुलं प्लॅस्टिकच्या बॅटने आपली वेगळी मॅच खेळत असलेली. 26 डिसेंबरची कसोटी तिथे असेल तर सोडू नका. केपटाउनचं न्यूलँड्स दिसायला सर्वांत देखणं, मागे टेबल माउंटन. मात्र पाच दिवसांची सुट्टी काढताना जपून: जानेवारी 2024 ची भारताची कसोटी तिथे दुसऱ्या दिवशीच आटोपली, अवघ्या 642 चेंडूंत.

हायवेल्डवर, म्हणजे जोहान्सबर्ग-प्रिटोरियाच्या पठारावर, उन्हाळ्यात दुपारनंतर ढग दाटून विजा होतात. वीज चमकली की खेळ थांबतो. तुम्हीही हिरवळीवरून उठून छताखाली जा.

भारताविरुद्ध सामना असेल तेव्हा सहकाऱ्यांसमोर कुणाची बाजू घ्यायची?

भारताची, बिनधास्त. कुणी रागावत नाही. उलट न घेतली तर त्यांना चुकल्यासारखं वाटतं. पण बाकीचं वर्षभर प्रोटीआजना, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या क्रिकेट संघाला, साथ द्या. टेम्बा बवुमाच्या संघाने जून 2025 मध्ये लॉर्ड्सला कसोटीचं जगज्जेतेपद जिंकलं तेव्हा इथे माणसं रडली. केपटाउनच्या लांगा वस्तीतल्या त्या बुटक्या मुलाने किती टोमणे सोसले होते ते सगळ्यांना माहीत होतं.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो. डर्बनचा एखादा नायडू किंवा सिंग भेटला तर तो तुमच्या बाजूने असेल असं गृहीत धरू नका. त्यांचे पूर्वज 1860 पासून उसाच्या मळ्यांत करारावर राबायला आले. ते दक्षिण आफ्रिकी आहेत, आणि या देशाचे खेळाडू म्हणवून घेण्यासाठी त्यांना झगडावं लागलं.

पापवा सेवगोलमची हकिकत ऐका. डर्बनच्या गोल्फ मैदानावर दुसऱ्यांच्या काठ्या वाहणारा मुलगा, काठी धरण्याची पद्धत सगळ्यांच्या उलटी, डावा हात खाली. युरोपात जाऊन त्याने डच ओपन जिंकली. 1963 मध्ये नाताल ओपन जिंकली, तेव्हा बक्षीस समारंभ क्लबहाउसच्या आत होता आणि भारतीय वंशाच्या माणसाला आत प्रवेश नव्हता. बाहेर पाऊस पडत होता. विजेत्याला त्या पावसात उभं करून चषक दिला गेला. ते छायाचित्र जगभर छापून आलं आणि वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेवरच्या खेळातल्या बहिष्काराला बळ मिळालं. डर्बनमधल्या एका गोल्फ मैदानाला आज त्याचं नाव आहे. भारतीय वंशाच्या केशव महाराजच्या गोलंदाजीला टाळ्या वाजवताना मला दरवेळी सेवगोलम आठवतो.

स्वतः पळत नाही, तरी कॉम्रेड्सची लांब पल्ल्याची शर्यत बघायला जाण्यात अर्थ आहे का?

माझ्या मते या देशातला सर्वांत सुंदर दिवस तोच. डर्बन ते पीटरमारित्झबर्ग, अदमासे 90 किलोमीटर, 1921 पासून. बहुतेक दरवर्षी दिशा उलटते, एकदा चढाची तर पुढच्या वेळी उताराची. हल्ली जूनमधल्या रविवारी असते. काळ्या धावपटूंना आणि बायकांना अधिकृत प्रवेश 1975 मध्ये मिळाला, पण रॉबर्ट म्त्शाली नावाच्या काळ्या धावपटूने 1935 मध्येच क्रमांकाशिवाय ती पूर्ण केली होती.

ड्रमंडच्या आसपास, म्हणजे साधारण मध्यावर, रस्त्याकडेला जागा धरा. खुर्ची, थर्मास, आणि वाटायला मिठात उकडलेले बटाटे किंवा संत्र्याच्या फोडी. धावपटूच्या छातीवरच्या पट्टीवर त्याचं नाव असतं आणि आजवर किती वेळा पूर्ण केली तो आकडाही. दहा झाल्या की हिरवा क्रमांक कायमचा त्याचा. नाव वाचा आणि नावाने हाक मारा. साठ वर्षांची एखादी परिचारिका लंगडत चाललेली असते. ‘थांडी, चल, होतंय!’ एवढं ऐकून ती मान वर करते आणि पुन्हा पळायला लागते. मुंबई-पुण्याहून आलेली मंडळीही आता बरीच दिसतात, त्यांना मराठीत ओरडा.

शेवटाला थांबणार असाल तर मन घट्ट करा. बारा तास पूर्ण झाले की एक पदाधिकारी येणाऱ्या धावपटूंकडे पाठ करून बंदूक झाडतो. त्यानंतर रेषा बंद. दोन पावलांवर असलेलाही बाहेर. म्हणून शेवटच्या मिनिटांत अनोळखी माणसं एकमेकांना खांद्यावर टाकून आणतात.

शाकाहारी माणसाने मैदानावर खायचं काय?

बुअरवॉर्स रोल आणि बिल्टाँग म्हणजे मांस, ते सोडा. स्लॅप चिप्स, भाजलेली मक्याची कणसं, साधे मग्विन्या (तळलेले पिठाचे गोळे), पाप (मक्याच्या पिठाची घट्ट उकड) आणि चकालाका (तिखट भाज्यांचं कालवण) मिळतं. चकालाकात मांस नाही ना ते विचारून घ्या. डर्बनला बीन्सचा बनी चाऊ (पोकळ केलेल्या पावात भरलेली रस्साभाजी) आणि समोसे आहेतच. बाटल्या-डबे आत नेऊ देतील की नाही हे मैदानागणिक बदलतं.

मुलांनी इथल्या खेळांत पडावं का? अभ्यासाचं नुकसान होतं.

पडू द्या. इथे शाळेचा खेळ हा शाळेचाच भाग समजतात, शनिवारी सकाळी शाळांचे सामने असतात आणि आई-वडील कडेला उभे असतात. आपली मुलं आणि आपणही तिथेच मित्र जोडतो. मुलींसाठी नेटबॉल आणि हॉकी फार चांगले. नाटकाची आवड असेल तर आइस्टेडफॉड नावाच्या स्पर्धा होतात: कविता म्हणणं, नाट्यप्रवेश, गाणं. आपल्या आंतरशालेय स्पर्धांसारखंच वातावरण असतं, आणि मराठी घरातली पाठांतराची सवय तिथे उपयोगी पडते.

बोत्स्वाना, नामिबिया किंवा झिंबाब्वेत असलेल्यांसाठी?

तिथलं मी पाहुणा म्हणूनच पाहिलं आहे, त्यामुळे थोडक्यात. गॅबरोनला मैतिसोंग हे नाट्यगृह आहे. बोत्स्वानात अॅथलेटिक्सचं वेड आहे. लेत्सिले तेबोगोने पॅरिस 2024 मध्ये 200 मीटर 19.46 सेकंदांत जिंकून देशाला पहिलं ऑलिंपिक सुवर्ण दिलं, तेव्हा सरकारने अर्ध्या दिवसाची सुट्टी जाहीर केली. हरारेला क्रिकेट आहे, आणि तिथल्या स्टँडमधलं गाणं-बजावणं ऐकण्यासारखं असतं.

मंडळाच्या कार्यक्रमात मराठी नाटक करतोच. मग इथली नाटकं कशाला?

मंडळात नाटक जरूर करा, तालमीतली मजा दुसऱ्या कशात नाही. पण इथले नट बघून आलेला माणूस मंडळाच्या एकांकिकेतही वेगळं काम करतो. दोन खोकी आणि एक कोट यांतून अख्खं गाव उभं करता येतं हे त्याने पाहिलेलं असतं, त्यामुळे नेपथ्याच्या खर्चावर वाद होत नाहीत. पुढच्या वेळी तालमीच्या आधी सगळ्यांनी मिळून एक प्रयोग बघा.

2027 च्या क्रिकेट विश्वचषकासाठी भारतातून नातेवाईक येणार आहेत. काय तयारी करावी?

स्पर्धा ऑक्टोबर-नोव्हेंबर 2027 मध्ये, दक्षिण आफ्रिका, झिंबाब्वे आणि नामिबिया मिळून भरवणार आहेत. तिन्ही देशांत जायचं असेल तर प्रवेशाचे नियम तिन्हींचे वेगळे पाहा, आणि परत येण्यासाठी दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा लागेल. व्हिसाचे अर्ज लवकर करा. वेळापत्रक आलं की आधी राहण्याची सोय पक्की करा, मग तिकिटं. जोहान्सबर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे 1,700 मीटर उंचावर आहे. वडीलधाऱ्यांना पहिले एक-दोन दिवस दम लागल्यासारखं होतं, तेव्हा विमानातून उतरवून थेट स्टेडियमवर नेऊ नका. टोपी आणि सनस्क्रीन न्या, इथलं ऊन कोरडं असल्याने भाजतंय ते कळत नाही. आणि भारताच्या सामन्यांच्या मधल्या मोकळ्या दिवसांत त्यांना मार्केटला काय लागलंय ते बघून एक प्रयोग दाखवा.